दुबार पेरणीचे बियाणे

(पातूर येथे युवक आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. वक्ते मूळचे पातूरचे असून बाजार समितीतील अडत दुकानांसाठी संगणक प्रणाली तयार करण्याचा उद्योग अकोल्यातून चालवितात.)



ज्या गावात लहानपणी अनवाणी हिंडलो, रेणुकामातेची टेकडी चढलो, लेण्यांत लपंडाव खेळलो, त्या गावाने बोलावले म्हणजे नाही म्हणता येत नाही. विषय मला असा देण्यात आला आहे : 'स्वतःच्या पैशावर तंत्रज्ञानाचा उद्योग कसा उभारावा'. या विषयावर काय बोलावे, याचे टिपण करून आलो होतो. परंतु कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी बाहेर चहा घेत असताना एका काकांनी मला बाजूला घेतले. त्यांचा मुलगा अभियंता झाला आहे. त्याला नोकरी करावयाची नाही, स्टार्टअप काढावयाचा आहे. काकांनी हळूच विचारले, "साहेब, दोन एकर वावर विकून त्याले पैसे द्यावे का?"

ते टिपण आता खिशातच ठेवतो. काकांच्या प्रश्नाचे उत्तर देता आले, तर आजचे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.

हा प्रश्न साधा नाही. पुण्या-मुंबईत 'भांडवल बुडाले' हे दोन शब्द आहेत. वऱ्हाडात त्या शब्दांमागे काय काय उभे राहते, हे मी तुम्हाला सांगावयाचे कारण नाही. कर्जापायी विझलेली घरे आपण वृत्तपत्रात वाचली नाहीत, आपल्या शेजारी पाहिली आहेत. म्हणून 'जोखीम घ्या, झोकून द्या, मागे वळून पाहू नका' असली भाषणे ज्यांना करावयाची असतील त्यांनी ती खुशाल करावीत. मला पातुरात उभे राहून ती करता येणार नाहीत. आणि 'नसत्या उठाठेवी सोडा, नोकरी धरा' असेही मी सांगणार नाही. कारण मी स्वतः नोकरी सोडलेला माणूस आहे.

आधी ग्राहक, मग भांडवल

मित्रहो, 'स्टार्टअप' हा शब्द आपल्याकडे १६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया' मोहिमेचा शुभारंभ झाल्यावर घरोघरी पोहोचला. त्यासोबत एक समजूतही पोहोचली. एक कल्पना सुचावी, ती कुणा गुंतवणूकदारापुढे मांडावी, त्याने काही कोटी द्यावेत आणि मग उद्योग सुरू व्हावा, अशी ती समजूत. महाराष्ट्रातील दोन उद्योगांचा इतिहास मात्र अगदी उलट्या क्रमाने घडलेला आहे.

पहिले उदाहरण जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात आपला व्यवसाय वाढविला. आरंभ सायकलच्या दुकानापासून. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ पासून मानतो. पुढे त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. तो नांगर म्हणजे त्या काळातील नवे तंत्रज्ञानच होते. पण लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज! पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. त्या दोन वर्षांत घर कशावर चालले असेल? नांगराच्या जोडीला असलेल्या इतर धंद्यावर. पुढे औंध संस्थानच्या अधिपतींनी जागा आणि कर्ज दिले व १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. म्हणजे बाहेरचा आधार आला तो दुकान सुरू झाल्यानंतर बावीस वर्षांनी; नांगर शेतात चालतो हे सिद्ध झाल्यावर.

दुसरे उदाहरण आपल्या पिढीतले आहे. 'क्विक हील' हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी संगणकाच्या पडद्यावर पाहिले असेल. या उद्योगाचे संस्थापक कैलास काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यातले. शालान्त परीक्षेनंतर त्यांनी शिक्षण सोडले आणि पुण्यात रेडिओ व कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली. तेथे काम शिकून, सुमारे पंधरा हजार रुपयांची पुंजी घालून स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. कॅल्क्युलेटरनंतर संगणक येणार हे त्यांनी ओळखले आणि संगणक दुरुस्ती शिकून घेतली. धाकटा भाऊ संजय पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होता.

आता क्रम कसा आहे तो पाहा. 'आपण विषाणूरोधक प्रणाली तयार करू या' हा विचार आधी नव्हता. आधी दुकानात दुरुस्तीला येणारी यंत्रे होती. त्यांतली कितीतरी यंत्रे सुट्या भागांमुळे नव्हे, तर विषाणूंमुळे बंद पडलेली असत. कैलासरावांनी ही अडचण भावापुढे ठेवली आणि संजयरावांनी त्यावर उपाय लिहिला. १९९५ मध्ये त्यांची प्रणाली बाजारात आली. ती तयार होत असताना तिचा खर्च कुणी केला? दुरुस्तीच्या दुकानाने. ती वापरून पाहिली कुणी? दुकानाच्या ग्राहकांनी. २००७ मध्ये कंपनीचे नाव 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' झाले. बाहेरचे मोठे भांडवल, साठ कोटी रुपये, 'सिकोया' या गुंतवणूक संस्थेकडून आले ते २०१० मध्ये. प्रणाली बाजारात आल्यानंतर तब्बल पंधरा वर्षांनी. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले आणि सुमारे ४५१ कोटी रुपयांची विक्री झाली. त्या दिवशी भाव विक्रीच्या किमतीखाली गेला, हेही सांगितले पाहिजे. बाजार कुणाचा जावई नसतो.

किर्लोस्कर आणि काटकर यांच्यात जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे. एकाने लोखंड ओतले, दुसऱ्याने प्रणाली लिहिली. पण दोघांच्या वाटेवरचे टप्पे तेच आहेत. आधी पोट भरणारा छोटा धंदा, त्या धंद्यात डोळ्यांसमोर आलेली लोकांची अडचण, त्या अडचणीवर उपाय, त्या उपायाला पैसे मोजणारा ग्राहक आणि सर्वांत शेवटी बाहेरचे भांडवल. दोघांनीही परक्याचा पैसा वर्ज्य मानला नव्हता; मात्र त्याची पाळी ग्राहकानंतर आली.

माझी पहिली पेरणी

आता थोडे माझ्याविषयी. मोठ्यांची उदाहरणे ऐकून माणूस भारावतो. पण त्यांच्या चुका आपल्याला दिसत नाहीत. माझ्या मला चांगल्या ठाऊक आहेत.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. मी अभियांत्रिकी शिकलो, पुण्यात अकरा वर्षे नोकरी केली आणि २०१४ च्या मार्चमध्ये ती सोडून अकोल्यास आलो. जवळ सहा लाख रुपये शिल्लक होते. पत्नी शिक्षिका, तिला अकोल्यात नोकरी मिळाली होती. ती म्हणाली, "घर माझ्या पगारात चालवू. पण सहा लाखांतले तीनच तुम्हाला मिळतील. तीन माझ्याकडे राहतील आणि ते का ठेवले, हे आता विचारू नका."

मला राग आला. आपल्या माणसाचाच आपल्यावर विश्वास नाही, असे वाटले.

अकोल्याच्या एका भाड्याच्या खोलीत बसून मी आठ महिने प्रणाली लिहिली. बाजार समितीतल्या अडत दुकानाचा सारा हिशेब तीत होईल, अशी कल्पना. रंगीत आलेख होते, बारा प्रकारचे अहवाल होते. ऑक्टोबरात सोयाबीनची आवक सुरू झाली तेव्हा संगणक काखेत मारून मी एका अडत्याच्या गादीवर जाऊन बसलो आणि त्यांना सारे दाखविले. त्यांनी शांतपणे पाहिले. मग म्हणाले, "भाऊ, हे समदं बराबर हाये. पन हर्रास झाल्यावर लाईन राह्यते का इथं? अन् कास्तकाराची उचल कुठं दिसते याच्यात?"

उचल म्हणजे शेतकऱ्याने हंगामाआधी दुकानातून घेतलेली रक्कम. माल आला की वजन, हमाली, तोलाई, उचल हे सारे मुनीम एका ओळीत मांडतो आणि त्याच ओळीच्या शेवटी चुकारा काढतो. माझ्या प्रणालीत उचल तिसऱ्या पडद्यावर होती. ज्या ओळीवर त्या दुकानाचा सारा व्यवहार चालतो, ती ओळच मी तोडून ठेवली होती. पातुरात वाढलेला, कास्तकारांच्या मुलांबरोबर शिकलेला मी! आठ महिन्यांत एकदाही बाजार समितीत जाऊन मुनिमाशेजारी बसलो नव्हतो.

तीन लाख संपले होते. घरी येऊन सांगितले. पत्नीने कपाट उघडले आणि म्हणाली, "आमच्या माहेरी पहिला पाऊस पडला की सगळं बियाणं कोणी पेरत नाही. पाऊस दडी मारतो. दुबार पेरणीचं बियाणं वेगळं ठेवावं लागतं. हे तीन लाख त्याचे आहेत."

मित्रहो, उद्योगाच्या अर्थकारणावर मी पुष्कळ पुस्तके वाचली. या तीन-चार वाक्यांपलीकडचे फारसे काही त्यांत सापडले नाही.

दुसरी पेरणी

दुसऱ्या वेळी मी प्रणाली लिहावयास बसलोच नाही. त्याच अडत्याची परवानगी घेऊन दिवाळीपासून तुरीची आवक सुरू होईपर्यंत त्यांच्या मुनिमाशेजारी बसलो. पावत्या फाडल्या, काट्याजवळ उभा राहिलो, मापाड्यांशी बोललो. मग तीन महिन्यांत एक छोटी प्रणाली लिहिली. तिचा पडदा एकच, ओळ एकच, अक्षर मोठे. वीज गेली तरी चालावी म्हणून ती लॅपटॉपवर बसविली. आलेख एकही नव्हता.

२०१५ च्या मार्चमध्ये त्या अडत्याने वर्षाचे चार हजार रुपये कबूल केले. दोन हजार रोख दिले आणि उरलेले तूर संपल्यावर. ते दोन हजार मी वडिलांच्या हाती ठेवले. त्यांनी नोटा मोजल्या आणि विचारले, "हे बक्षीस आहे की दाम?" मी म्हटले, "दाम." ते म्हणाले, "मग ठीक."

या प्रश्नाचा विसर पडू देऊ नका. स्पर्धेतले पारितोषिक, शासनाचे अनुदान, मामाने कौतुकाने दिलेली रक्कम ही सारी बक्षिसे आहेत. अनोळखी माणसाने घासाघीस करून, गरज आहे म्हणून मोजलेला पैसा हाच दाम. दाम मिळेपर्यंत आपण उद्योग सुरू केलेला नसतो. केवळ तयारी चाललेली असते.

पुढच्या वर्षभरात अकरा दुकाने झाली. मग काळानेही मदत केली. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली आणि रोखीचे चुकारे बँकेतून करावे लागले. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कच्च्या कापसावर असा नियम आला की, शेतकऱ्याकडून खरेदी झाली तर कर नोंदणीकृत खरेदीदाराने स्वतः भरावयाचा. ज्या मुनिमांना संगणक नको होता, तेच आता आम्हाला शोधत आले. पण ध्यानात घ्या, ती संधी सर्वांनाच आली होती. आम्ही दोन वर्षे आधीपासून त्या गादीवर बसलो होतो, म्हणून ती आम्हाला ओळखता आली. आज आम्ही नऊ जण आहोत. त्यांतले चार पातूर-बाळापूर भागातले आणि त्या चारांत दोन मुली आहेत.

उधारीचे दुखणे

सारे गोड झाले असे समजू नका. २०१८ मध्ये एका मोठ्या ग्राहकाने आमचे बिल नऊ महिने थकविले. आमच्या उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा वाटा त्यांच्याकडून येत होता. दोन सहकाऱ्यांचे पगार वीस दिवस उशिरा झाले. त्यातल्या एकाच्या घरी बाळंतपण होते. तो काही बोलला नाही. त्याचे न बोलणे मला अजून आठवते. स्वतःच्या पैशावर उद्योग चालविणाऱ्याला तोट्यापेक्षा उधारी आधी मारते. कागदावर नफा दिसतो आणि पेटीत पगारापुरते पैसे नसतात.

त्या वेळी मला कायदा ठाऊक नव्हता. तुम्हाला असावा म्हणून सांगतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे खरेदीदाराने जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत दिले पाहिजे. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. एप्रिल २०२४ पासून तर मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदाराला प्राप्तिकरात ती प्रत्यक्ष देईपर्यंत मिळत नाही. मात्र आपली 'उद्यम' नोंदणी हवी. ती २०२० पासून संकेतस्थळावर होते, तिला शुल्क नाही. दलालाला पैसे देऊ नका. कायदा हाती असूनही तगादा करावा लागतोच. पण तगादा हक्काचा होतो. त्या प्रसंगानंतर आम्ही एक नियम केला. एकाच ग्राहकाकडून एकूण उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक येऊ द्यावयाचे नाही.

परक्याच्या पैशाचा स्वभाव

२०१९ मध्ये एक गुंतवणूकदार भेटावयास आले. सज्जन होते. त्यांचा प्रस्ताव असा, की आम्ही पैसा घ्यावा, वर्षभरात पाच राज्यांत जावे आणि छोट्या दुकानांचा दर दुप्पट करावा. मी नकार दिला. तो शहाणपणा होता की भित्रेपणा, हे मला आजही निश्चित सांगता येत नाही. आमच्याहून मागाहून आलेले काही जण भांडवल घेऊन आमच्यापुढे गेले आहेत. परंतु ज्या मुनिमाने मला धंदा शिकविला, त्याच्या दुकानाला परवडणार नाही असा दर लावण्याची सक्ती माझ्यावर नाही. हे स्वातंत्र्य आम्ही संथ वाढीच्या मोलाने विकत घेतले आहे.

परक्याचा पैसा वाईट नसतो, त्याला घाई असते. ती घाई पेलेल एवढे धंद्याचे मूळ खोल गेलेले असावे लागते. 'बायजूज' या शिकवणी कंपनीचे मूल्यांकन २०२२ मध्ये बावीस अब्ज डॉलर सांगितले जात होते. २०२४ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. उलट श्रीधर वेंबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली, आज 'झोहो' या नावाने ओळखली जाणारी कंपनी बाहेरचे भांडवल न घेता वाढली. वेंबू तामिळनाडूतील तेनकासी जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहावयास गेले. बारावी झालेल्या मुलांना शुल्क न घेता, वर विद्यावेतन देऊन शिकविणारी शाळा कंपनीने २००५ पासून चालविली आहे. तेनकासीच्या खेड्यात जे होते ते पातुरात होणारच नाही, असे समजण्याचे कारण नाही. मात्र एक सावधगिरी बाळगा. जे यशस्वी झाले त्यांचीच नावे माझ्यासारखे वक्ते घेतात. जे बंद पडले त्यांना व्याख्यानाला कुणी बोलावीत नाही.

म्हणून माझ्या एका वर्गमित्राविषयी सांगतो. माझ्याहून हुशार. त्याने शेतावर कर्ज काढून घरपोच सेवेची एक प्रणाली सुरू केली. कार्यालय थाटले, सहा माणसे ठेवली, फलक लावले. चौदा महिन्यांत सारे बंद पडले. आज तो पुण्यात चांगल्या नोकरीत आहे आणि पगारातून अजून हप्ते फेडतो आहे. त्याच्यात आणि माझ्यात फरक बुद्धीचा नव्हता. माझीही पहिली पेरणी उलटली होती. त्याच्याजवळ दुबार पेरणीचे बियाणे नव्हते, एवढेच.

शिदोरीचा हिशेब

तरुण मित्रांनो, आता तुमच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली गोष्ट, शिदोरी मोजा. समजा, तुम्ही तिघे आहात आणि मिळून दोन लाख चाळीस हजार रुपये जमविले आहेत. निम्मे बाजूला ठेवा. उरले एक लाख वीस हजार. महिन्याचा खर्च वीस हजार धरला तर सहा महिने. या सहा महिन्यांत पैसे मोजणारा एक ग्राहक मिळाला पाहिजे. न मिळाल्यास थांबा, चूक शोधा आणि मगच उरलेल्या निम्म्याला हात लावा. तेही संपले तर नोकरी धरा. त्यात अपमान नाही. पण ही तारीख पहिल्याच दिवशी वहीत लिहून घरच्यांची सही घ्या. पाण्यात उतरल्यावर खोली मोजता येत नाही.

दुसरी गोष्ट, आज आरंभाचा खर्च कमी आहे. पूर्वी स्वतःचा सर्व्हर विकत घ्यावा लागे. आज तो वापराप्रमाणे भाड्याने मिळतो. लिनक्स, पोस्टग्रेससारखी साधने विनामूल्य आहेत. गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे प्रणाली लिहिण्याचे कामही वेगाने होऊ लागले आहे. पण म्हणूनच लिहिता येणे याचे मोल घटत आहे आणि काय लिहावयाचे हे कळण्याचे मोल वाढत आहे. ते ज्ञान वाडेगावच्या लिंबू बाजारात आहे, जिनिंगच्या दारात कापसाचा ओलावा मोजणाऱ्या माणसाजवळ आहे, डाळमिलच्या मुनिमाजवळ आहे. कापसाचा ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की 'सीसीआय'च्या खरेदीत कपात होते आणि बाराच्या वर गेला की माल परत फिरतो. गाडी भाड्याने करून आलेल्या कास्तकाराला हे केंद्रावर पोहोचल्यावर कळते. ते त्याला घरीच, परवडेल अशा साधनाने कळावे, हा प्रश्न सुटण्यासारखा आहे की नाही? तो बंगळुरूला बसून कुणाला सुचणार?

तिसरी गोष्ट, मुद्रा योजनेतून तारण न ठेवता कर्ज मिळते. जरूर घ्या, पण ते कर्ज आहे, अनुदान नव्हे. एका ग्राहकाची मागणी हाती असताना ती पुरविण्यासाठी घ्या. मागणी शोधण्यासाठी घेऊ नका. मागणी शोधण्याचा खर्च आपल्या बचतीतून, आपल्या श्रमातूनच व्हावा.

चौथी गोष्ट, भागीदारीचे कागद मैत्री गोड असतानाच करा. कोण किती वेळ देणार, कुणी सोडून गेल्यास त्याच्या वाट्याचे काय, हे लिहून ठेवा. मर्यादित दायित्व भागीदारी किंवा खाजगी मर्यादित कंपनी यांत धंद्याचे देणे सहसा घरादारावर येत नाही. मात्र बँकेने वैयक्तिक हमी मागितली आणि तुम्ही सही केलीत, तर ते कवच उरत नाही. सही करताना वडिलांना शेजारी बसवा.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर

आता काकांकडे वळतो. काका, तुम्ही मागच्या रांगेत बसला आहात, मला दिसता आहात. तुमचे वावर कोरडवाहू असेल, त्यात यंदा काही पिकेल न पिकेल. पण ते घराचे दुबार पेरणीचे बियाणे आहे. ते पहिल्या पावसावर पेरू नका. विकू नका आणि गहाणही टाकू नका.

पण मुलाला रिकाम्या हाताने परत पाठवू नका. त्याला एक वर्ष द्या. त्या वर्षात घरची भाकरी द्या, राहण्याला खोली द्या, आणि तुमच्या ओळखीच्या अडत्याकडे, कृषी केंद्रवाल्याकडे, जिनिंगवाल्याकडे त्याला स्वतः घेऊन जा. "हा माझा मुलगा, याला तुमची अडचण समजावून सांगा," एवढे म्हणा. तुमची चाळीस वर्षांची पत हे त्याचे पहिले भांडवल आहे. पुण्याच्या कुणा गुंतवणूकदाराजवळ ते नाही. नातेवाइकांनी "पोरगा काय करतो?" असे विचारले तर मान खाली घालू नका. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच्याजवळ हिशेबाची वही मागा. तो रागावेल. मीही रागावलो होतो.

आणि मुलाला माझा एवढाच निरोप द्या, की पैसे मागावयास वडिलांकडे जाण्याआधी अनोळखी माणसाने मोजलेले पहिले दोन हजार रुपये घेऊन ये. ते ज्या दिवशी आणशील त्या दिवशी बापलेक मिळून अकोल्यास या. माझे दुकान बाजार समितीपासून लांब नाही. चहा आपण त्याच अडत्याच्या गादीवर घेऊ. त्याने अजून माझी वही तपासणे सोडलेले नाही.